बाबा, ती चित्रफीत पुसून टाका

बंगळुरू
10 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबा, तुम्ही म्हणालात की आपल्या तालुक्याच्या नेत्यांचे मानधनावरच्या एका बाईबरोबरचे, चित्रफितीतून बाहेर आलेले ते प्रकरण ही त्यांच्या घरची गोष्ट आहे. त्यांनी पांदण रस्ता करून दिला, शेतावर विजेची डीपी बसवून दिली, तेव्हा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की त्यांच्याच उमेदवाराचे काम करायचे. मी त्या वेळी गप्प राहिले, कारण तुमच्यासमोर उलट बोलण्याची मला सवय नाही. परंतु ते शब्द मनातून जात नाहीत, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीच्या काळात माझी बदली इथल्या कर्नाटकातल्याच हासनला होती, हे तुम्हांला आठवत असेल. तिथले खासदार प्रज्वल रेवण्णा हे माजी पंतप्रधान देवेगौडा यांचे नातू, जनता दल (धर्मनिरपेक्ष) या पक्षाचे आणि भाजपबरोबरच्या युतीचे उमेदवार. 26 एप्रिलच्या मतदानाला थोडेच दिवस उरले असताना त्यांनी बायकांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या चित्रफितींचे पेन ड्राइव्ह गावोगावी टाकण्यात आले, आणि त्यांत बायकांचे चेहरे झाकलेले नव्हते. आमच्या बँकेच्या शाखेत बचत गटाचा हप्ता भरायला येणाऱ्या बायका त्या आठवड्यात एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हत्या. कोणाची बहीण, कोणाची जाऊ त्यात असेल, या धाकाने सगळा जिल्हा गप्प झाला होता. खासदार मतदान होताच राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला निघून गेले. ज्या बायका त्या चित्रफितींत ओळखू आल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना राहते घर सोडावे लागले.

बाबा, ढोंग एकाच पक्षाचे नव्हते, हे मी मान्य करते. भाजपच्याच एका स्थानिक नेत्याने डिसेंबर 2023 मध्ये या चित्रफितींविषयी प्रदेशाध्यक्षांना पत्र लिहिले होते, असे त्यानेच पुढे सांगितले. तरी युतीची उमेदवारी कायम राहिली आणि मोठ्या नेत्यांनी व्यासपीठावरून मतेही मागितली. राज्यात सत्ता काँग्रेसची होती, पण विशेष तपास पथक जाहीर झाले ते हासनचे मतदान उरकल्यावर. आणि ज्यांनी ते पेन ड्राइव्ह वाटले, त्यांनी विरोधकाला पाडण्यासाठी त्याच बायकांची अब्रू दुसऱ्यांदा रस्त्यावर टाकली. तपास पथकाला शेवटी जाहीर बजावावे लागले की अशी चित्रफीत पुढे पाठवणे हासुद्धा गुन्हा आहे.

4 जूनला रेवण्णा सुमारे 42 हजार मतांनी हरले. मात्र त्यांना सहा लाखांहून अधिक मते पडली होती, ही गोष्ट मला त्या पराभवापेक्षा जास्त बोचते. गावात चर्चा होती, पण मतदानाच्या दिवसापर्यंत रेवण्णांविरुद्ध या अत्याचारांचा एकही गुन्हा नोंदवला गेलेला नव्हता, आणि 'आपला माणूस' म्हणून बटण दाबणाऱ्यांची सोय त्यानेच झाली. पुढे जे घडले ते त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या एका बाईच्या हिमतीने घडले. तिची साडी न्यायालयात महत्त्वाचा पुरावा ठरली, आणि या 2 ऑगस्टला त्यांना मरेपर्यंत जन्मठेप झाली. ज्या घरात ती भांडी घासत होती त्या घरातून एक पंतप्रधान आणि एक मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणे म्हणजे काय, याचा विचार करा.

तुम्ही म्हणाल, याला पाडले तर दुसरा तसाच येईल. असे खरोखर घडलेले आहे. अमेरिकेत फ्लोरिडाचे मार्क फोली हे प्रतिनिधिगृहात शोषित मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या गटाचे प्रमुख होते, आणि सप्टेंबर 2006 मध्ये संसदेत काम करणाऱ्या किशोरवयीन मुलांना त्यांनीच अश्लील संदेश पाठवल्याचे उघड झाल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पक्षाची त्या सभागृहातील सत्ता गेली. इराकचे युद्ध हे त्याचे मोठे कारण होते, पण हे प्रकरणही भोवले. फोलींच्या जागी नीतिमत्तेची भाषा करून टिम महोनी निवडून आले, आणि दोनच वर्षांत त्यांचेही एका कर्मचारी बाईशी असलेले संबंध आणि तिला दिलेले पैसे बाहेर आले. पण तिथल्या लोकांनी 2008 मध्ये त्यांनाही घरी बसवले. दोनदा फसलो म्हणून तिसऱ्यांदा डोळे मिटावेत, असे त्यांना वाटले नाही.

दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध असते तर मी एक शब्द लिहिला नसता. आपल्याकडची ती बाई मानधनावर काम करत होती आणि तिच्या नेमणुकीची सही त्या नेत्यांच्या शब्दावर अडलेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्या मंचावर ते 'माझ्या मायबहिणींनो' म्हणून हात जोडतात, त्याच मंचासमोर ती दरवर्षी सतरंजी अंथरत असे. आई सांगत होती की आता ती पाण्यालाही दिवस मावळल्यावर बाहेर पडते.

बाबा, मी आठवीत असताना कापूस वेचायला आलेल्या एका बाईशी मुकादम वाईट वागला, तेव्हा तुम्ही ऐन वेचणीत त्याला शेतातून काढले होते. दुसरी टोळी मिळेपर्यंत आठ दिवस गेले, बोंडे फुटून कापूस मातीत पडला, आणि आपण तिघे अंधार पडेपर्यंत वेचत राहिलो. त्या वेळी तुम्ही कामाचा हिशेब मांडला नव्हता. तो मुकादम कामाला चांगला होता, हेही मला आठवते.

मत कोणाला द्यायचे हे मी तुम्हांला सांगणार नाही. परंतु प्रचाराच्या बैठकीला जाल तेव्हा त्या बाईचे काम का गेले, हे सर्वांसमक्ष विचारा. तुमच्या वयाच्या माणसाला तिथे कोणी गप्प बसवणार नाही. आणि ती चित्रफीत अजून तुमच्या मोबाइलमध्ये आहे, असे आईकडून कळले. मी पोळ्याला येते आहे, त्याआधी ती पुसून टाका. ज्याने पाठवली, त्यालाही पुसायला सांगा.

आईच्या गुडघ्यांचे तेल सोबत आणते. फवारणीला जाताना तोंडाला फडके बांधायला विसरू नका.

आपली मुलगी