आयोडीन कुठे गेलं?

सदाशिव पेठ, पुणे
१२ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीचा प्रश्न मी फोनवर दोन मिनिटांत उरकला, त्याची रुखरुख लागून राहिली, म्हणून हे पत्र. क्लोरीन ब्रोमाइडमधून ब्रोमीन मोकळं करतं, उलटं होत नाही, हे तिला पाठ आहे. ‘का’ विचारलं की अडते. आपणही अडायचो, आठवतंय ना?

तिला म्हणावं, आधी इलेक्ट्रॉन कोणाकडे आहे ते बघ. आयोडाइड आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असलेला आयोडीनचा अणू, आकाराने मोठा, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून त्यातला एक सहज सुटतो. क्लोराइड तसा सोडत नाही. प्रमाण विभवाचे आकडे तेच सांगतात (आकडा जितका मोठा, तितकी इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद जास्त): फ्लोरीन २.८७ व्होल्ट, क्लोरीन १.३६, ब्रोमीन १.०७, आयोडीन ०.५४. फ्लोरीनपाशी मात्र थांबायला हवं. सुटा अणू इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा क्लोरीनच जास्त ऊर्जा बाहेर टाकतं. तरी फ्लोरीन पुढे, कारण त्याच्या रेणूतला बंध लेचापेचा आणि इवल्याशा फ्लोराइडला पाण्याचे रेणू घट्ट बिलगतात.

आता खरी गोष्ट. परवा प्रॅक्टिकलला पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात मुलं क्लोरीनचं पाणी थेंबथेंब घालत होती. द्रावण पिवळं, मग तपकिरी. हेक्झेन (पाण्यात न मिसळता वर तरंगणारा द्रव) घालून हलवलं, तर वरचा थर सुंदर जांभळा! एकजण घालतच राहिला आणि रंग पार उडाला. “सर, आयोडीन कुठे गेलं?” इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. आयोडाइडने इलेक्ट्रॉन देऊन आयोडीन झालं होतं. आता त्या आयोडीनच्या प्रत्येक अणूने आणखी पाच दिले आणि रंगहीन आयोडेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं आयोडीन, झालं.

हेच आयोडेट तुमच्या मिठाच्या बरणीत आहे. आयोडाइड घातलं असतं तर आपल्या दमट हवेत त्याने ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन दिले असते आणि आयोडीन उडून गेलं असतं. चमचाभर मिठात भाताची पेज, लिंबाचा रस आणि पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब घालून बघा. आयोडेट इलेक्ट्रॉन घेतं, आयोडाइड देतं, दोघांचंही आयोडीन होतं आणि पेज निळी पडते.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन ये. क्लोरीनचं पाणी उजेडात टिकत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी कळव, ताजं करून ठेवतो.

तुझा,
जुना बाकमित्र