क्रमांक रंगवला म्हणून विमान तेच होत नाही

संपादक महोदय,

काल आपल्या रविवार पुरवणीत हवाई दलाच्या ‘परशुराम’ या जुन्या डकोटा वाहतूक विमानावरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. पण १९४७ साली जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेलं तेच हे विमान, असं आपण बेधडक लिहून टाकलंत. ते विमान हे नव्हे!

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांच्या पहिल्या शीख बटालियनचे जवान ज्या डकोटांतून उतरले, त्यांतली एक व्हीपी ९०५. आत्ताचं विमान अमेरिकेत १९४४ साली बांधलेलं. ब्रिटिश हवाई दलात त्याचा क्रमांक केएन ३९७ होता, पुढे नागरी नोंदणीत ते जी-एएमएसव्ही झालं आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एअर अटलांटिक या विमान कंपनीकडे उडत होतं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी डकोटा चालवलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ ते दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. एप्रिल २०१८ मध्ये इतक्या जुन्या विमानाने कॉव्हेंट्री ते जामनगर मजल मारली, हे काय थोडं आहे? व्हीपी ९०५ हा क्रमांक श्रीनगरच्या त्या विमानाच्या स्मरणार्थ रंगवला आहे. मान दोघांनाही द्या, पण एकाचा जन्मदाखला दुसऱ्याला चिकटवू नका.

क्षुल्लक गोष्टीवरून भांडतोय असं वाटेल. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. सत्तरच्या दशकात आमच्या तळावर दोन डकोटा शेजारी शेजारी उभ्या असत. एका रात्री मी एकीच्या डाव्या इंजिनाचा सिलिंडर बदलला आणि नोंद दुसरीच्या फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत केली. सकाळी आमच्या वॉरंट ऑफिसरांच्या ते लक्षात आलं. दोन्ही विमानं थांबवली, सगळी कागदपत्रं पुन्हा तपासली. त्यांनी मला इंजिनापाशी नेलं आणि कोरलेला क्रमांक बोटाने चाचपून वाचायला लावला. “शेपटीवरचा नंबर रंगाऱ्याचा असतो,” ते म्हणाले, “हा विमानाचा.” त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी क्रमांक मोठ्याने वाचल्याशिवाय फॉर्मवर पेन टेकवलं नाही. चुकीच्या नोंदीपायी न तपासलेलं इंजिन घेऊन माणसं आकाशात जातात, साहेब.

मागेही आपल्याकडे अशीच चूक झाली होती. तेव्हा पाठवलेलं माझं पत्र छापलं गेलं नाही. या वेळी दुरुस्ती छापा, आणि पुरवणीतच छापा.

आणखी एक. त्याच लेखाच्या चौकटीत भारतीय विमानांच्या नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीला असलेल्या ‘व्हीटी’चा अर्थ ‘व्हाइसरॉयचा प्रदेश’ असा दिला आहे. व्ही हे अक्षर त्या काळी ब्रिटिश साम्राज्यातल्या मुलखांच्या बिनतारी संकेतांसाठी ठरलेलं होतं. ऑस्ट्रेलियाची विमानं आजही व्हीएच लिहितात. तिथे कोणता व्हाइसरॉय होता?

आपला,
हवाई दलाचा निवृत्त सार्जंट, नाशिक रोड