झाडाचं नाव छापता, तसं त्यातल्या अल्कलॉइडचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत परसबागेतल्या औषधांवर अर्धं पान आलं आहे. धोत्र्याची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर दमेकऱ्याने घ्यावा, असा उपाय त्यात आहे. शेवटी लिहिलं आहे, 'झाडपालाच तो, त्यामुळे अपाय काहीच नाही.' मी नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत 31 वर्षं औषधनिर्माण अधिकारी होतो. या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

धुराचा उपाय खोटा नाही, हे आधी सांगतो. धोत्र्यात हायोसायमिन आणि स्कोपोलॅमिन ही अल्कलॉइडं, म्हणजे थोड्या मात्रेतही शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली संयुगं, असतात. हायोसायमिनपासून अ‍ॅट्रोपिन मिळतं. श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू ते सैल करतं, म्हणून एकेकाळी युरोपातही धोत्र्याच्या पानांच्या विड्या दम्यावर विकल्या जात. आज पंपातून दिलं जाणारं इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपिनवरूनच घडवलेलं औषध आहे. पण पंपाच्या एका दाबात ते 20 मायक्रोग्रॅम असतं, प्रत्येक दाबाला तेवढंच. पानाच्या धुरात किती, हे ना लिहिणाऱ्याला सांगता येईल ना घेणाऱ्याला. एकाच झाडाच्या पानात, मुळात आणि बीत प्रमाण वेगळं. पावसाळ्यातलं वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं.

एका महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पाड्यावरून एक आजी सहा-सात वर्षांच्या नातवाला पाठुंगळी घेऊन आली. पोराचं तोंड लालबुंद, अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. जीभ टाळूला चिकटलेली. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या की बुबुळाचा रंगच दिसेना. चादरीवर नसलेले किडे तो चिमटीत धरत होता आणि ते माझ्याकडे देत होता. देवळात वाहिलेलं धोत्र्याचं काटेरी फळ फोडून त्याने बिया खाल्ल्या होत्या. आजी म्हणाली, "साहेब, देवाला वाहिलेलं फळ, त्याने काय व्हणार?" डॉक्टरांनी लघवीसाठी नळी घातली, आम्ही रात्रभर ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आजीला हाक मारली.

ज्या कपाटाला टेकून मी उभा होतो, त्यात तेच द्रव्य, म्हणजे अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅम्प्यूलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत, भरून ठेवलेलं होतं, 1 मिलीत 0.6 मिलिग्रॅम. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात ज्यांनी नोकरी केली, त्यांना वेगळं सांगायला नको. फवारणी करून आलेला माणूस तोंडातून फेस गाळत, घामाने निथळत, छातीत घरघर घेऊन यायचा. बाहुल्या मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकामुळे शरीरात मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं आणि अ‍ॅट्रोपिन त्याची वाट अडवतं. छाती कोरडी होईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत न्यायचा. एका रात्री आम्ही इतक्या अ‍ॅम्प्यूलच्या माना मोडल्या की पहाटे बोटांना पट्ट्या बांधाव्या लागल्या. त्या पोराला जे चढलं होतं, तेच या माणसाला तारत होतं. त्यामुळे 'अपाय काहीच नाही' हे वाचून माझं रक्त तापलं. 'झाडपाल्यात काही दम नाही' असं कुणी म्हटलं तरी मला तितकाच राग येतो.

आता थोडं रसायनाचं. अल्कलॉइडं म्हणजे नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि आम्लारीसारखी वागणारी वनस्पतीतली संयुगं. आम्लाशी त्यांचा क्षार होतो आणि तो पाण्यात विरघळतो, म्हणून तर लेबलावर 'अ‍ॅट्रोपिन सल्फेट', 'मॉर्फिन सल्फेट' असं लिहिलेलं असतं. डी. फार्मसीला असताना काढ्यात अल्कलॉइड ओळखणाऱ्या ड्रॅगेनडॉर्फ द्रावणाचे चार थेंब टाकले की परीक्षानळीत नारिंगी साका धरायचा. तो रंग पाहिला की अजूनही आनंद होतो. 'अल्कलॉइड' हा शब्द 1819 मध्ये माइस्नर या जर्मन औषधनिर्मात्याने रूढ केला. अफूतून मॉर्फिन वेगळं करणारा झेर्ट्युर्नर आणि 1820 मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारे पेल्तिए व काव्हांतू, हेही सगळे औषधनिर्मातेच.

या संयुगांची घराणी त्यांच्या गाभ्यातल्या अणूंच्या कड्यावरून पडतात. धोत्र्याचं घराणं ट्रोपेन. अफू आणि दारुहळद आयसोक्विनोलिनमध्ये, सिंकोना क्विनोलिनमध्ये, सर्पगंधा, सदाफुली आणि काजरा इंडोलमध्ये. चहातलं कॅफिन प्युरीनचं, पांढऱ्या कुड्यातलं कोनेसीन स्टेरॉइडच्या सांगाड्यावर उभं. घराणं कळलं की गुण कळलाच असं मात्र नाही. इंडोलच्याच घरात सर्पगंधेचं रिसर्पिन रक्तदाब उतरवतं (मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, तेव्हा जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं), आणि त्याच घरातलं काजऱ्याचं स्ट्रिक्निन माणसाला झटके आणून धनुष्यासारखा वाकवतं.

मग ही नावं सामान्य वाचकाला कशाला? कारण बोलीतली नावं फसवतात. पिवळा धोत्रा हा धोत्राच नव्हे, तो अफूच्या कुळातला. त्याच्या मोहरीसारख्या दिसणाऱ्या बियांच्या तेलात सँग्विनारिन असतं. 1998 मध्ये दिल्लीत हे तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि पाय सुजून, श्वास लागून माणसं दगावली. उलट खुरासानी ओवा आपल्या ओव्याचा कुणीच लागत नाही. तो धोत्र्याचा भाऊबंद, तीच हायोसायमिन, तीच स्कोपोलॅमिन. तिसरं नाव बचनाग. हिमालयातल्या खऱ्या बचनागात अ‍ॅकोनिटिन असतं आणि ते काही तासांत हृदयाची लय बिघडवतं. आपल्याकडे काही ठिकाणी पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणाऱ्या कळलावीलाही बचनाग म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. त्याने आधी गॅस्ट्रोसारख्या उलट्या-जुलाब होतात, माणूस सावरल्यासारखा वाटतो आणि मग काही दिवसांनी रक्तातल्या पेशी घटू लागतात. नातेवाइकांनी 'बचनाग खाल्ला' म्हणून सांगितलं, तर डॉक्टरने मॉनिटर लावून हृदयाकडे बघायचं की आठवडाभर रक्ताच्या तपासण्या करत राहायचं? म्हणून वृत्तपत्राने नेमकं नाव छापायला हवं.

त्याच पानावर सदाफुलीची पानं मधुमेहावर चावून खायला सांगितली आहेत. नाशिकच्या जॉगिंग ट्रॅकवर हा सल्ला मी रोज ऐकतो. 1950 च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर यांनी सदाफुली मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं, पुढे व्हिनक्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगाने आजारी कितीतरी मुलं त्यामुळे आज जगली आहेत. ही औषधं देताना डॉक्टर रक्ताचे अहवाल बघून मात्रा ठरवतात. आपण मात्र त्याच झाडाची पाच पानं उपाशीपोटी खा म्हणून छापतो. मधुमेहाची गोळी बंद करून पानांवर राहिलेली माणसं मी पायाच्या जखमा घेऊन येताना पाहिली आहेत.

अडुळशाचा परिच्छेद मला आवडला. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं, खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव दिसेल. पण व्हॅसिसिनमुळे गर्भाशयही आकुंचन पावतं, तेव्हा गर्भवतीने अडुळसा घेऊ नये, एवढी एक ओळ तिथे हवी होती.

माझी विनंती अशी. वनस्पतीचा उपाय छापताना तिचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, त्यातलं मुख्य अल्कलॉइड आणि कुणी घेऊ नये, एवढं चौकटीत द्यावं. आयुर्वेदाचे जाणते वैद्य याला हरकत घेणार नाहीत. बचनागाचं शोधन केल्याशिवाय तो वापरू नये, हे त्यांच्याच ग्रंथांत आहे, आणि उकळल्याने अ‍ॅकोनिटिनचं विघटन होऊन त्याचा विषारीपणा उतरतो, हे प्रयोगशाळेनेही दाखवलं आहे. 2027 च्या सिंहस्थात गोदाघाटावर जडीबुटीची दुकानं ओळीने लागतील, बिननावाच्या पुड्या गावोगाव जातील. त्याआधी वर्षभर आपल्या पुरवणीने ही चौकट चालवली, तर बाहेरगावहून आलेल्याला नाही, तरी नाशिककराला पुडी उघडताना काय विचारायचं ते कळेल.

ही चौकट लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. अडुळशाची आजच सोबत जोडली आहे. धोत्र्याची दुरुस्ती मात्र येत्या रविवारीच, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यावी. आमच्या गल्लीत एका दमेकरी बाईंनी ते कात्रण स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं आहे, ते मी स्वतः पाहून आलो.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
पंचवटी, नाशिक