पानशेतची रेघ

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय अव्या,

त्या बगदादच्या पोस्टाच्या तिकिटावर चहा तू सांडला नव्हतास. कुणीच सांडला नव्हता.

आठ महिने पत्र नाही, फोनवर चार वाक्यांच्या पुढे मी गेलो नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते भेटलास की बोल. तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात, हिची पाठ होती तशीच. पण हे मात्र आज रात्रीच लिहायला हवं, नाहीतर झोप येणार नाही.

मागच्या मंगळवारी अक्काआत्याच्या सुनेचा फोन आला. वाडा रिकामा करून द्यायची तारीख जवळ आली, माळ्यावरची ट्रंक खाली काढलीय, आत नुसते जुने कागद आहेत. "अविभावजी तिकडे नागपूरला, तुम्ही एकदा नजर टाकता का, नाहीतर रद्दीवाला शनिवारी येतोय." मी तसाच रिक्षा करून गेलो. ट्रंक तीच, कडी तुटलेली, जिच्यावर बसून आपण कैऱ्या खायचो. रेशनकार्डं, लग्नपत्रिका, कुणाकुणाच्या कुंडल्या, नानांच्या शाळेच्या फीच्या पावत्या. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पाकीट. उजवा वरचा कोपरा कापलेला.

मी तिथेच जिन्यावर बसलो. तिकिटासाठी केलेली ती कापाकापी मी विसरेन का? 1971 च्या मे महिन्यात ताईची शिवणाची कात्री तू आणलीस, कापता कापता मागून नाना खोकले, तुझा हात हलला आणि कागदाला एक खाच पडली. ती खाच पाकिटावर आहे. तिची जोडीदार खाच माझ्या अल्बमात, पहिल्या पानावर, गेली पन्नासहून जास्त वर्षं.

घरी आलो, हात धुतले, चिमट्याने तुकडा काढला आणि पाकिटाशेजारी सरकवला. खाचेत खाच बसली. मग भिंग लावलं. शिक्क्याचं वर्तुळ पुरं झालं, अव्या. माझ्या तुकड्यावर कायम फक्त 'डॅड' एवढीच अक्षरं होती, त्यावरून तू म्हणाला होतास की हे कुणाच्या तरी बापाचं पोस्ट दिसतंय, आणि आपण हसून लोळलो होतो. त्याच्या आधीचं 'बाघ' पाकिटावर निघालं. तारखेचा 16 आणि ऑक्टोबरचा ओ पाकिटावर, 17 साल तिकिटावर. पाठीमागे पूना पोस्टाचा पोचेचा शिक्का, नोव्हेंबरचा.

आणि तो डाग. पाकिटाच्या डाव्या टोकापासून तपकिरी रेघ निघते, वरच्या कडेपासून बोटभर खाली, थोडी लाटेसारखी, कापलेल्या जागेपर्यंत येते आणि तिथून सरळ माझ्या तुकड्यावर, तिकिटावरच्या किल्ल्याच्या बुरुजावरून पलीकडे जाते. पत्त्याची पहिली ओळ जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलीय, ती ओलीने फुटलीय. तिकिटाच्या दातांना जी जांभळी झाक आहे ती मी इतकी वर्षं तुझ्या शाईच्या बोटांची समजत होतो. अरे, ती पानशेतची रेघ आहे! धरण फुटून पूर आला तो दिवस, 12 जुलै 1961. तुमच्या खालच्या खोलीच्या भिंतीवर जी रेघ होती, जिच्याशी पाठ लावून आपण दरवर्षी उंची मोजायचो, तीच या पाकिटावर आहे. ट्रंक तेव्हा खाली होती. पुरानंतर ती माळ्यावर गेली, असं तुझी आईच सांगायची. म्हणजे आपण कात्री लावली तेव्हा डागाला दहा वर्षं झाली होती.

आणि मी काय केलं? सौदा झाल्यावर तू तिकीट एक रात्र मागून घेतलंस, आजीला दाखवायला. दुसऱ्या दिवशी उजेडात मला डाग दिसला आणि मी सगळ्या पोरांसमोर तुला खोटारडा म्हटलं. तू आजीची शपथ घेतलीस. मी ऐकलं नाही. हंगेरीची सात त्रिकोणी तिकिटं दिली होती त्यातली तीन हिसकावून परत आणली. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. पुढे सगळं मिटलं असं आपण धरून चाललो, पण तुझ्या लग्नात पंगतीला चहाचा विषय निघाला तेव्हा तू माझ्याकडे जे बघितलंस ते मला आजही दिसतं. अव्या, माझं चुकलं. मनापासून माफी मागतो.

आता तिकिटाचं. ते खरं आहे की नाही, या शंकेने मी किती वर्षं काढली हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. बगदाद 11 मार्च 1917 ला इंग्रजांच्या हाती आलं आणि 1 सप्टेंबरला ही तिकिटं निघाली. नवी छापून यायला वेळ, म्हणून तुर्कांच्याच तिकिटांवर 'बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन' असं छापलं आणि किंमत टाकली पाव, अर्धा, एक आणि दोन आणे. बगदादमध्ये आपले आणे! आपलं लाल, वीस पाऱ्यांचं (पारा हे तुर्की नाणं), त्यावर एक आणा. चित्रातला किल्ला आपण सिंहगड ठरवला होता, तो बॉस्फरसवरचा रुमेली हिसार. वर्षभरातच, सप्टेंबर 1918 मध्ये, 'इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन' वाली तिकिटं आली आणि या घाईघाईच्या छपाईचं काम संपलं. म्हणूनच ती दुर्मीळ, आणि म्हणूनच बनावटही रग्गड. साधं तुर्की तिकीट स्वस्तात मिळतं, त्यावर चार ओळी छापायला कितीसा वेळ लागतो? बनावट ओळखायची एक खूण म्हणजे ओव्हरप्रिंटची शाई जुन्या शिक्क्याच्या वर बसलेली दिसते. आपल्या तिकिटावर शिक्काही काळा, छापही काळा, काळ्यावर काळं. मुंबईच्या प्रदर्शनात एका जाणकारांनी दहा मिनिटं भिंगातून बघून "सांगता येत नाही" म्हणून परत दिलं, तेव्हा मी लोकलमध्ये शब्द न बोलता उभा होतो आणि तू नुसता शेंगदाण्याची पुडी पुढे करत होतास.

सुट्ट्या तुकड्यावर अर्धा शिक्का कुणीही मारील. पण ज्या पाकिटाला आपल्या कात्रीनंतर कुणी हात लावला नाही, त्याच्यावर उरलेला अर्धा सापडतो, मागे पुण्याचा शिक्का सापडतो, तेव्हा मला दुसऱ्या कुणाचा दाखला नको. आता लंडनला रॉयल फिलाटेलिक सोसायटीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवायचं तर खुशाल पाठवता येईल.

पण पाठवणारा मी कोण? खरी तळमळ इथे आहे. गुरुवारी ओळखीच्या एका व्यापाऱ्याला दाखवलं, तेही तुला न विचारता, ही दुसरी चूक. तो म्हणाला, जपानी टिश्यूने मागून जोडून देतो, बारीक रंग भरतो, जोड कळणार नाही. अखंड कव्हर म्हणून गेलं तर भाव कुठल्या कुठे. मी पाकीट उचललं आणि चहा न घेता निघालो. जोडलेलं कव्हर जोडलेलं म्हणून सांगायचं असतं, हा या छंदातला पहिला धर्म. शिवाय ती खाच बुजवायची म्हणजे नानांचा खोकला पुसायचा. मला ते जमणार नाही. माझ्या मनात असं आहे की पाकीट आणि तुकडा एकाच पारदर्शक खिशात, शेजारी शेजारी ठेवावेत, डिंकाचा थेंबही न लावता. पण हे माझं मत. वस्तू तुझ्या आजोबांची. सात त्रिकोणी तिकिटांत, खरं तर चारच तिकिटांत, मी ती घेतली आणि वर तुला बोल लावला. तेव्हा तुकडाही तुझा. अल्बमच्या पहिल्या पानावर आता चार कोपऱ्यांच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

आणखी एक. पाकिटात पत्र आहे. दोन पानं, मोडीत. वर 'श्री' आणि त्याखाली 'तीर्थरूप' एवढं मला लागलं, पुढे एक नाव आहे ते बहुतेक तुझ्या आजीचं. आजी सांगायची ते आठव. इराकातलं कुत तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा, एप्रिल 1916 ला, मराठ्यांच्या तीन पलटणी त्यात अडकल्या, बातमी पेठेत पोचली आणि तरीही त्यानंतर आजोबा सप्लाय खात्यात कारकून म्हणून गेलेच. खजूर आणि उन्हाळा यापलीकडे ते कधी बोलले नाहीत, म्हणायची. ते जे बोलले नाहीत त्यातलं काही त्या दोन पानांत असेल. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे सहज भेटतील, चालत दहा मिनिटं. मी गेलो नाही. पानं उलगडून पुन्हा होती तशी ठेवली. पहिल्यांदा ती तुझ्या कानावर पडली पाहिजेत.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. रेवाची नवी नोकरी हैदराबादला, हे हिने सांगितलं, छान झालं. वहिनींना नमस्कार, त्यांच्या सांबारवडीची आठवण हिने काल काढली.

वाडा पुढच्या महिनाअखेरीपर्यंत उभा आहे. त्याआधी ये. खालच्या खोलीचा रंग दोनदा बदललाय, तरी चुना खरवडला की रेघ दिसते, मी नखाने बघून आलो. पाकीट तिच्याशेजारी धरून बघू. मग मंडळात जाऊ.

हंगेरीची उरलेली चार त्रिकोणी अजून असतील तर घेऊन ये. माझ्याकडची तीन मी आज शोधून ठेवलीत, ती तुझी आहेत.

तुझा,
दिल्या