बाय, डॉक्टरांसमोर "ठीक आहे" म्हणू नको

प्रिय बाय,

फोन केला की तू "बरी आहे बाबा" म्हणतेस, मी "जेवलीस काय" विचारतो आणि झालं, मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून आज टाइप करतोय, एका बोटाने, बागेत पंपाजवळ बसून, लाईट गेली तर घरी जाऊन पुढचं लिहीन. मंगळवारी तुझी ती टिल्टची टेस्ट आहे, टेबलावर बांधून उभं करून ठोके आणि बीपी बघतात ती. त्याआधी एक कबूल करायचंय आणि एक सांगायचंय.

कबूल करायचं ते आधी. जत्रेला ओटीच्या लायनीत तू उभी होतीस, पुढे जेमतेम वीसेक बायका, आणि दहा मिनिटांत तुझे ओठ पांढरे पडले नि तू खाली बसलीस ती देवळाच्या पायरीवर आडवीच झालीस. आणि त्याच रात्री पहाटेपर्यंत चटईवर बसून दशावतार बघितलास, संकासुराला पोट धरून हसलीस. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणलं, लायनीत उभं राहायचं म्हटलं की चक्कर आणि नाटकाला बरी टुणटुणीत. तू काहीच बोलली नाहीस. आता कळतंय की रोग ओळखायची अर्धी खूण त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर होती, उभी राहिली की त्रास आणि बसली-झोपली की आराम, आणि मी तीच तुझ्याविरुद्ध वापरली. हे मला बरेच दिवस खातंय.

आजीचं म्हणणं तर तुला माहितीच आहे, "चेडवाक नजर लागली हा, दुसरा काय नाय". मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली, मी पण अडवलं नाही. खरं सांगू, आजीचं निम्मं बरोबर निघालं, मीठच लागत होतं पण ते चुलीत नाही, पेजेत.

डॉक्टर तीन झाले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, इसीजी, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की आपण पेढे वाटायच्या मूडमध्ये आणि तू मात्र अजून घाबरलेली, कारण मग होतंय ते काय? एकाने टेन्शन म्हणून गोळी दिली, दुसऱ्याने लग्नाचं बघा म्हणलं (त्यावर मी हसलो होतो, ते पण माफ कर). आता मागे वळून बघतो तर तिघांनीही बीपी घेतलं ते तुला खुर्चीत बसवून. त्रास उभं राहिल्यावर होतो आणि तपासलं बसवून, म्हणजे गाडी चढावर बंद पडते आणि मेकॅनिक सपाटीला चालवून म्हणतो काय पण झालेलं नाही.

मग आपल्याकडच्या माणसासारखं शेवटी गोव्याला गेलो. तिथल्या त्या तरुण डॉक्टरणीने काही मोठं मशीन आणलं नाही, तुला दहा मिनिटं आडवं केलं, ठोके आणि बीपी लिहिलं, मग भिंतीजवळ उभी केली आणि दर दोन मिनिटांनी परत लिहीत राहिली. झोपून ७४. दहाव्या मिनिटाला ११२. बीपी जागच्या जागी. तुझे पाय जांभळट झाले ते तिने मला वाकून बघायला लावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तुझे पाय असे बघितले गं.

तिने सांगितलं ते मला बागेच्या भाषेत समजलं. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली पोटात आणि पायात उतरतं, सगळ्यांचंच. आपल्याला न सांगता चालणाऱ्या ज्या नसा आहेत, ठोके, घाम, पचन, डोळ्याची बाहुली सगळं सांभाळणाऱ्या, त्या लगेच रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त वर ढकलतात. ते आवळणं कमी पडलं की हृदय धावून भरपाई करतं. पाटाचा बांध फुटलेला असला की पंप कितीही जोरात चालवा, शेवटच्या माडाला पाणी कमीच. तुझा पंप चांगला आहे, म्हणून तर इसीजी स्वच्छ येतो. बांध कुठे फुटलाय ते शोधायचंय.

नाव तिने पॉट्स सांगितलं, लांब नाव पोश्चुरल ऑर्थोस्टॅटिक टॅकीकार्डिया सिंड्रोम. १९९३ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या नावाने मांडलेलं, मुलींमध्ये जास्त, आणि पुष्कळदा तापानंतर सुरू होतं. तुझं पण जुलैच्या तापानंतरचंच ना. पण तिने पक्का शिक्का मारला नाही आणि मला ते आवडलं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके मोठ्या माणसात ३० ने वाढायला हवेत आणि १२ ते १९ वयात ४० ने, बीपी न पडता, आणि त्रास तीन महिन्यांच्या वर हवा. तू १९ ची आणि वाढले ३८. दोनाने नापास! मार्चमध्ये वीस पूर्ण झाले की मग केक कापता कापता आजार पक्का होणार की काय, असं मी आईला म्हणलं तर ती हसली नाही.

म्हणून ती वही. घरी सकाळी उठायच्या आधी आणि मग उभं राहून मोजलेले ठोके, किती वाढले ते, ४४, ३६, ४१, ४३, सगळं तारखेसकट आहे. वही सोबत ने.

आता सांगायचं ते. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं की "ठीक आहे" म्हणू नको. तुला सवय आहे, आणि ती आम्हीच लावली. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ते सांग, भरपेट भात खाल्ल्यावर वाढतं ते सांग, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, पानच्या पान परत वाचावं लागतं ते पण सांग. पाळीच्या दिवसांत जास्त होतं हे आईने मला सांगितलं, मला ऐकून लाज वाटू नये आणि तुला सांगताना पण नको. शंका राहिली तर २४ तासांचं होल्टर (अंगाला लावून दिवसभराचे ठोके नोंदवतात ते), आणि रक्तातलं फेरिटिन, बी१२ आणि सकाळचं कॉर्टिसोल झालंय का विचार, आपल्या फायलीत ते नाही. परत कोणी टेन्शन म्हणलं तर भांडू नको, शांतपणे एवढंच म्हण, मला उभी करून मोजा.

टेस्टची भीती नको. टेबलावर पट्ट्यांनी बांधून साठ-सत्तर अंशांत उभं करतात, ठोके आणि बीपी बघत राहतात. चक्कर आली तर येऊ दे, त्यासाठीच टेबल आहे, लगेच परत आडवं करतात. दात-ओठ खाऊन सहन करू नकोस, जे होईल ते त्याच क्षणी बोल. उपाशी किती तास राहायचं ते मात्र फोन करून विचार.

आई रविवारच्या रात्रीच्या गाडीने निघतेय. उकडे तांदूळ, कोकमाचं आगळ आणि लोणचं देतोय. पेजेत मीठ घाल, पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर. ते डॉक्टरणीने तुझं बीपी बघून सांगितलंय, मी खाल्लं तर मला ओरडा बसेल, एकाच घरात बापाचं मीठ बंद आणि लेकीचं वाढवलं. १९३० साली आपल्या शिरोड्यात ज्याच्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या ते मीठ आजी आता तुझ्या नावाने वेगळ्या बरणीत भरून ठेवते, आणि चुलीत टाकायचं बंद केलंय.

बाथरूममध्ये मी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलंय. तिथे रूमवर पण एक घे, पैसे पाठवलेत.

आणि सोमवारी सकाळी मोजशील तेव्हा फोन स्पीकरवर ठेव. दहा मिनिटं मी इकडून घड्याळ धरतो, तू फक्त ठोके सांग.

तुझा,
बाबा