पुठ्ठ्याच्या तुकड्यांबद्दल

एडमंटन
रविवार, 9 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. बाबांना धड ऐकू येत नाही आणि आई, तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषयच मिटवतेस. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

गेल्या रविवारी तुमच्या नातवानं व्हिडिओ कॉलवर जे सांगितलं, ते सगळं खरं आहे आणि तरीही खोटं आहे. मी हॉकीची कार्डं, म्हणजे हॉकीपटूंच्या चित्रांची पुठ्ठ्याची कार्डं, जमवते, हे खरं. एक कार्ड 28 कोटींना गेलं, तेही खरं. पण त्यानं दोन्ही एका दमात सांगितलं आणि आई, तुझा चेहरा मला दिसला. नंतर तू जावयांना वेगळा फोन केलास, तेही मला कळलं. तर आधी हिशेब. त्या दिवशी माझ्या हातात होतं ते कार्ड मी 40 डॉलरला घेतलं. इथले, कॅनडाचे डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपये. घर शाबूत आहे.

बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "पुठ्ठ्याचे तुकडे." तेव्हापासून ते डोक्यात आहे.

बाबा, इथं हॉकी म्हटलं की बर्फावरची. गवत नाही, टर्फ नाही, चेंडूही नाही. कडक रबराची चकती असते, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड, तिला पक म्हणतात. गोलरक्षक धरून एका बाजूला सहाच जण, आणि मारामारी झाली तर पंच आधी थोडा वेळ बघत उभे राहतात. खडकीच्या मैदानावर तुम्ही ज्याला फाउल म्हणाला असता, त्याला इथं टाळ्या पडतात. मलाही पहिली तीन वर्षं हा खेळ कळला नाही. ऑफिसात सोमवारी सगळे शनिवारच्या मॅचवर बोलायचे आणि मी डबा उघडून बसायचे.

मग 2015 चा पानगळीचा मोसम आला. टिम हॉर्टन्स म्हणून इथली कॉफीची दुकानं आहेत, आपल्याकडे अमृततुल्य असतात तशी कोपऱ्याकोपऱ्यावर. (टिम हॉर्टन हा स्वतः हॉकी खेळाडू होता. 1964 मध्ये हॅमिल्टनला पहिलं दुकान निघालं, आणि दहा वर्षांनी गडी मोटार अपघातात गेला. दुकानं राहिली.) त्या वर्षी त्यांनी कॉफीबरोबर हॉकीच्या कार्डांची पाकिटं विकायला सुरुवात केली. मी एक घेतलं, उगाच. ऑफिसात टेबलावर फोडलं, तर पलीकडच्या टेबलावरचा माणूस, जो तीन वर्षं माझ्याशी फक्त हवामानावर बोलला होता, खुर्ची ओढून आला आणि म्हणाला, "डबल काय आलंय तुला?"

बाबा, हा प्रश्न मी चौथीत असताना रोज विचारत होते! बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची ना, तेव्हा. वाक्य तेच, फक्त इंग्रजीत. त्या हिवाळ्यात माझ्याकडे डबल काय आहे आणि मला काय हवंय, एवढ्या भांडवलावर मी निम्म्या मजल्याशी बोलायला लागले. खेळ नंतर कळला.

आता ते 28 कोटींचं प्रकरण. ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचं गाव आहे, तिथं ओ-पी-ची म्हणून च्युइंगम करणारी कंपनी होती. गमबरोबर हॉकीपटूंची कार्डं द्यायची. 1979-80 च्या त्यांच्या संचात 396 कार्डं, निळ्या किनारीची, आणि त्यातलं 18 नंबरचं कार्ड वेन ग्रेट्झकीचं. आमच्या गावचा देव. त्याचा पुतळा आहे इथं, त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्या कार्डावर तो अठरा वर्षांचा पोरगा आहे, हे त्याचं रूकी कार्ड, म्हणजे थोरल्या लीगमधलं पहिलं. ते काही दुर्मीळ नाही, हजारो आहेत. पण निर्दोष मिळत नाही. ती कंपनी पुठ्ठा तारेनं कापायची, त्यामुळे कडा चरबरीत यायच्या. छपाई मधोमध बसायची नाही. निळी किनार जरा घासली की पांढरा पुठ्ठा डोकावतो. आणि पाकिटात गम असायचा, त्याचा डाग लगतच्या कार्डावर.

म्हणून इथं कार्डं तपासायच्या कंपन्या आहेत. तुम्ही कार्ड पाठवायचं, ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का ते बघतात, दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. ग्रेट्झकीच्या त्या कार्डाला दहापैकी दहा मिळालेले नग दोनच होते. त्यातला एक 2021 मध्ये 37.5 लाख अमेरिकी डॉलरला गेला. बाबा, तुमचं सगळं आयुष्य फॅक्टरीत इन्स्पेक्शनला गेलं. गेजमधून माल गेला तर पास, अडला तर रिजेक्ट, मधलं काही नाही. इथं नुसतं पास-रिजेक्ट नसतं, इथं सहा असतात, साडेसात असतात, आणि नऊ आणि दहामधल्या फरकाचा एक बंगला होतो. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. मलाही निम्मंच पटतं.

माझं कार्ड त्याच संचातलं, 175 नंबरचं. गोर्डी हाउ. बाबा, याचं मात्र तुम्ही नीट ऐका. हा माणूस 1946 मध्ये लीगमध्ये आला. 1971 ला निवृत्त झाला, मनगटं गेली होती. दोन वर्षांनी दुसऱ्या एका लीगमध्ये परत उतरला, कारण मार्क आणि मार्टी ही त्याची दोन्ही मुलं तिथं खेळणार होती आणि त्याला त्यांच्याबरोबर खेळायचं होतं. मग ती लीग बंद पडली, तिचे चार संघ मोठ्या लीगमध्ये आले, आणि 1979 च्या मोसमात हार्टफर्ड संघाकडून हा परत मैदानात. वय 51. सगळ्याच्या सगळ्या 80 मॅचेस खेळला, तेही हेल्मेट न घालता, 15 गोल केले. पोरं त्याच संघात होती.

ग्रेट्झकीचा लहानपणापासूनचा देव हाच. हाउचा नंबर 9, म्हणून पोराला 9 हवा होता. तो दुसऱ्याकडे होता, म्हणून 99 घेतला. पुढे 1989 मध्ये त्यानं हाउचा गुणांचा (गोल अधिक पास) विक्रम मोडला, तोही एडमंटनमध्येच. पण 1979 च्या त्या एका संचात दोघं आहेत, एकाचं पहिलं कार्ड आणि एकाचं खेळाडू म्हणून शेवटच्या मोसमाचं, एकाच डब्यातून निघालेली. लोक 18 नंबरसाठी जीव टाकतात. मला 175 हवं होतं. तुम्ही पन्नाशीतही रविवारी फॅक्टरीच्या ग्राउंडवर पोरांत उतरायचात, आणि आई गुडघ्याला लावायला हळद-तेल गरम करून ठेवायची, बडबडत. ते बघितलेलं आहे मी.

आता एक कबुली. ही जावयांनाही उशिरा सांगितली. 2021 मध्ये, सगळे घरात अडकले होते आणि कार्डांचे भाव चढत होते तेव्हा, मलाही ग्रेट्झकीचा मोह झाला. ऑनलाइन एकाकडून घेतलं, कोपरे मोडलेलं, "कमी भावात देतो" म्हणाला. 600 डॉलर. दोन महिने ड्रॉवरमध्ये ठेवून रोज बघायचे. मग एकदा भिंग हातात आलं. खरी छपाई भिंगाखाली बघितली की रंगाच्या ठिपक्यांची नक्षी दिसते, आणि काळी अक्षरं सलग, ठाशीव असतात. माझ्या कार्डाची अक्षरंसुद्धा ठिपक्याठिपक्यांची होती. म्हणजे कुणीतरी खऱ्या कार्डाचा फोटो काढून छापलेला. विकणारा तोवर गायब. बाबा, तुम्ही ते हातात घेतल्या घेतल्या बाजूला टाकलं असतंत, भिंगही लागलं नसतं. त्यानंतर मी नियम केलाय, महिन्याला 50 डॉलर, आणि हातात धरून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ते बनावट कार्ड मी फेकलं नाही. डायरीत खूण म्हणून वापरते.

हाउचं कार्ड ज्यांच्याकडून घेतलं ते माझ्या गल्लीतलेच आजोबा, बस चालवायचे, आता निवृत्त. कम्युनिटी हॉलमध्ये महिन्यातून एकदा कार्डांचा बाजार भरतो, तिथं त्यांचं टेबल असतं. सस्कॅचेवान प्रांतातल्या एका खेड्यात वाढले. त्यांच्या लहानपणी मक्याच्या पाकाच्या डब्यावरचं लेबल पोस्टानं पाठवलं की कंपनी हॉकीपटूचा फोटो धाडायची. आईच्या मागे लागून पाक संपवायचा, लेबल पाठवायचं आणि टपालाची वाट बघायची. कार्डं असायची तीही सायकलच्या चाकात चिमट्यानं अडकवून, फटफटीसारखा आवाज काढत गावभर हिंडायचं. मी म्हटलं, आमच्याकडे पत्त्यातला जोकर लावायचे. ते म्हणाले, आमच्याकडे गोर्डी हाउसुद्धा लागला असेल, कोण सांगणार.

नोकरीला लागले आणि घरी परत गेले तेव्हा कार्डांचा खोका नव्हता. त्यांच्या आईनं टाकून दिला होता.

आई, इथं हे मला प्रत्येक म्हातारा सांगतो. प्रत्येकाची कार्डं आईनं टाकली. आणि गंमत अशी, की म्हणूनच जुन्या कार्डांना किंमत आहे. सगळ्या आयांनी ती सांभाळून ठेवली असती, तर आज भंगाराच्या भावानं गेली असती. तसं झालंही. 1990 च्या सुमारास लोकांना वाटलं की आता कार्डं म्हणजे सोनं. कंपन्यांनी ढिगानं छापली, लोकांनी खोकेच्या खोके न फोडता माळ्यावर ठेवले, एकाही आईनं काही टाकलं नाही. आजही ते खोके पडून आहेत, कुणी घेत नाही. उलट रिजायना गावातल्या एका घरात 1979 ची न फोडलेली पेटी निघाली. आत 16 डबे, डब्यात 48 पाकिटं, पाकिटात 14 कार्डं. 2024 च्या फेब्रुवारीत ती 37 लाख अमेरिकी डॉलरला गेली. आत किती ग्रेट्झकी होते ते तेव्हा कुणीच बघितलेलं नव्हतं. बघायचं तर पेटी फोडावी लागली असती.

तर आई, मी आठवीत असताना माझी बिग फनची चित्रं तू रद्दीत दिलीस, यावरून मी इतकी वर्षं तुला टोमणे मारले, ते मागे घेते. तू बाजाराला हातभारच लावलास. (चित्रं जेमतेम साठ होती. सिद्धू तीनदा होता.)

पण आता खरं काम.

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, जानेवारीच्या आत घर रिकामं करायचंय, आणि तू माळा काढायला घेतलायस असं भाऊ म्हणाला. माळ्यावर डाव्या हाताला, पितळी भांड्यांच्या मागे, हिरव्या कापडी पाठीची एक हजेरीपटाची वही आहे. बाबांची. त्यात पेपरातली हॉकीची कात्रणं आहेत, 1975 चा वर्ल्ड कप जिंकलेला संघ पहिल्या पानावर, आणि शेवटची पंधरा-वीस पानं नुसती धनराज पिल्लेची. "आपल्या कॉलनीतला" असं बाबांनी प्रत्येक फोटोखाली लिहिलंय, जसं काही वही वाचणारा दर पानावर विसरणार आहे. तू कणकेची खळ करून द्यायचीस आणि बाबा ब्लेडनं पट्टी लावून कापायचे. कडा एकदम सरळ. धनराजचं छापील कार्ड माझ्या हातात कधी पडलं नाही, मला त्याची गरजही नाही.

ती वही रद्दीत जाऊ देऊ नका. खळीमुळे कसर लागलेली असणार, तर उन्हात टाकू नका, कागद तडकेल. ब्रशनं झटका. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, ओल धरते. जुन्या सुती साडीत गुंडाळा, आडवी ठेवा, वर काही ठेवू नका. सुटलेली कात्रणं परत चिकटवू नका, तशीच पानात राहू देत. मी 22 डिसेंबरला पहाटे येते, तेव्हा बघू.

बाबा, वही मला द्या असं मी म्हणत नाहीये. तुमचीच आहे. मला फक्त तुमच्या शेजारी बसून ती पहिल्या पानापासून बघायची आहे, आणि तुम्ही गोल कसा झाला ते सांगायचंय. मोठ्यानं सांगा, तुम्हालाच ऐकू येईल इतक्या.

पाकिटात हाउ पाठवतेय. माझ्याकडे आता डबल आहे, दुसरं आजोबांनी तसंच दिलं, तुमच्याबद्दल सांगितलं म्हणून. कडक प्लास्टिकच्या कव्हरमधून काढलंत तरी चालेल, पण आई, तुझे हळदीचे हात नकोत. मागे इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आकडे आहेत, प्रत्येक मोसमाचे, त्यामुळे अक्षर मुंगीएवढं झालंय. डावीकडचा वरचा कोपरा दबलेला आहे, उजवी किनार डावीपेक्षा जाड आहे. बाकी बाबांनी चष्मा लावून तपासावं आणि दहापैकी किती ते कळवावं. मी 4 दिलेत. आजोबा 5 म्हणतात.

तुमची,
ताई