प्रशिक्षणाच्या त्या महिन्यांविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

लष्करी गुप्तवार्तेच्या प्रशिक्षणाला गेले असताना मी तुम्हाला जी पत्रे पाठवीत असे, त्यांत हवा आणि प्रकृती यांपलीकडे काहीच नसे आणि आईला त्याचे वाईट वाटे, हे मला तेव्हाही कळत होते. वर्गात शिकवलेल्या गोष्टींची बाहेर वाच्यता करायची नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. आजही पुष्कळसे मी लिहिणार नाही. मात्र ज्या गोष्टी जगभरच्या सैन्यांत शिकवल्या जातात आणि ज्यांत लपवण्याजोगे काही नाही, त्या तुम्हाला सांगाव्यात असे फार दिवस मनात आहे. कारण माझ्या बोलण्यात पुढे जो फरक तुम्हाला जाणवला, त्याचे मूळ तिथे आहे.

बाबांना वाटे की तिथे वेषांतर आणि पाठलाग शिकवत असतील. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ टेबलाशी, हवाई छायाचित्रे वाचण्यात जाई. एकाच भूभागाची, साधारण साठ टक्के भाग सामाईक असलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवून त्यांवर स्टिरिओस्कोप हे दोन भिंगांचे उपकरण मांडायचे आणि डोळे स्थिरावेपर्यंत थांबायचे. सुरुवातीला डोळ्यांना पाणी येई, आणि मग एका क्षणी सपाट कागदावरची जमीन उंच-सखल होऊन उभी राही. झाडांना उंची येई, नाल्याला खोली येई. सावल्या आपल्याकडे येतील असा कागद धरायचा, कारण तो उलटा धरला तर खड्डा टेकडीसारखा दिसतो, हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी आमच्या मनावर बिंबवले होते. जाळीखाली झाकलेले वाहन सहसा दिसत नाही. दिसते ती त्याच्याकडे जाणारी, झाडीत शिरून अचानक संपणारी ताजी चाकोरी. ती शोधताना वेळेचे भान राहत नसे, इतके ते काम मला आवडले.

पण खरी परीक्षा पाहण्याची नव्हती, लिहिण्याची होती. 'रणगाडा' असे थेट लिहू देत नसत. 'सुमारे सात मीटर लांबीची आयताकृती वस्तू, मागे दोन रुंद समांतर खुणा' हे आधी, आणि 'बहुधा रणगाडा' हे त्यानंतर, स्वतंत्र वाक्यात. डोळ्यांनी पाहिलेले आणि बुद्धीने जोडलेले एका वाक्यात मिसळले की उस्ताद कागद परत करीत. माणसांकडून आलेल्या माहितीलाही हीच शिस्त होती. स्रोत किती भरवशाचा, हे 'ए' ते 'एफ' या अक्षरांनी नोंदवायचे आणि माहिती किती खरी वाटते, हे १ ते ६ या आकड्यांनी. ही दोन मोजमापे वेगळी ठेवली आहेत, यातच सारे शहाणपण आहे असे मला वाटते. कारण अत्यंत प्रामाणिक माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि लबाड माणसाच्या तोंडूनही कधी खरी बातमी येते.

हे का करायचे, ते ऑक्टोबर १९७३ च्या युद्धाचा अभ्यास करताना मला पुरते उमगले. इजिप्त आणि सीरिया यांच्या फौजा सीमेवर गोळा होत असल्याचे इस्रायलच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यांना दिसत होते. माहितीची वाण नव्हती. परंतु इस्रायलच्या विमानतळांवर खोलवर मारा करण्याची ताकद आल्याशिवाय इजिप्त युद्धात उतरणार नाही आणि इजिप्तशिवाय सीरिया उतरणार नाही, अशी त्यांची पक्की धारणा होती. म्हणून इजिप्तच्या हालचालींना त्यांनी युद्धसराव मानले. ६ ऑक्टोबरला दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी हल्ला झाला. आपल्या मताला विरोध करणारा पुरावा सर्वांत आधी वाचायचा, ही सवय मी तिथून घेतली आणि आजवर सोडलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. बाबांच्या मागच्या तपासणीनंतर मी फोनवर 'डॉक्टर नेमके काय म्हणाले, कोणत्या शब्दांत म्हणाले' असे पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा आईला वाटले की माझा तुमच्यावर विश्वास नाही. तसे मुळीच नाही. माझ्या लेखी तुम्हा दोघांचे अक्षर कायम 'ए', म्हणजे पूर्ण भरवशाचे, आहे. पण बाबा, मला काळजी वाटू नये म्हणून तुम्ही बातमी सौम्य करून सांगता, आणि आई, तुझी स्वतःची भीती त्या बातमीत मिसळते. मग इतक्या दूर बसून खरे किती आणि मायेपोटी किती, हे मला निवडता येत नाही.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या तपासणीला जाताना एक वही न्यावी, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे त्यात उतरवावेत आणि तुम्हाला काय वाटले ते खाली वेगळे लिहावे. मला दोन्ही हवे आहे. रात्री मी फोन करीन, तेव्हा आईने आधी वरचा भाग वाचून दाखवावा.

तुमची,
लेक